भाईंची चौकशी

भाई पेरू घेताना वरचा पेरू कधी घेत नसत. पेरूवाल्या बाईनं हौसेनं मांडलेले पिवळे पेरू बाजूला सारून ते कोपरापर्यंत हात टोपलीत घालत, तळाशी दबलेला एक बाहेर काढत आणि बोटानं दाबून बघत. "वरचं त सगळ्याइचंच चांगलं असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाई शिव्या देत राही. भाई तोच तळचा पेरू विकत घेत, बाकीचे पुन्हा नीट रचून देत आणि वर मीठ मागत.

ही सवय बापाकडून आलेली. त्यांचे वडील अकोल्याला एका जिनिंगमध्ये कापसाची पारख करायचे. गाडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे पारखी माणूस बघतही नाही. तो गाडीच्या पोटात हात घालून तळचा कापूस उपटतो, कारण वजन वाढवायला पाणी मारतात ते तळालाच. भाई कापसाच्या धंद्यात गेले नाहीत, कम्प्युटरमध्ये गेले. हात मात्र बापाचाच राहिला.

आम्ही सगळे त्यांना भाई म्हणत असू. पूर्ण नाव इथे देत नाही, कारण ते त्यांना खपलं नसतं. हे वाचणारे कोण, कुठले, आणि त्यांना माझं नाव कशाला पाहिजे, असं त्यांनी आधी तुमच्याबद्दलच विचारलं असतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, जो बेल वाजली की दार उघडण्याआधी खिडकीतून खाली बघतो. भाई खिडकीतून बघून झाल्यावरही "कोन?" म्हणून विचारत.

राजापेठेत माझं छोटं दुकान आहे. दुकानदारांच्या, डॉक्टरांच्या वेबसाइट करून देतो. माझ्या डोक्यावर शिकवणी वर्ग आणि त्याच्या वर, गच्चीला लागून, एक खोली. भाई त्या खोलीत भाड्यानं आले तेव्हा घरमालकानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, जरा लक्ष ठेवा, माणूस एकटा आहे, दिवसभर दार लावून बसतो, काय करता म्हणून विचारलं तर म्हणतो, फुकट वाटतो. फुकट वाटणारा माणूस म्हटल्यावर मलाही शंका आलीच. मी लक्ष ठेवायला लागलो.

काही दिवसांनी भाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. हातात दुधाची पिशवी होती. "लिवून घ्या," ते म्हणाले. "आज दूध आनलं. म्हशीचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तेच म्हणाले, "तुमाले माह्यावर लक्ष ठेवाले मालकानं सांगतलं. मले तुमच्यावर ठेवाले कोनी नाई सांगतलं, तरी मी ठेवतो."

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते पायरीवर येऊन आपली हजेरी द्यायचे आणि जाता जाता माझीही घ्यायचे. ते मोटारसायकलवर आलेले कोण होते, आज शटर लवकर का पाडलं, नवीन चहावाला कुठला. अशी आमची मैत्री झाली.

ते फुकट काय वाटत होते, हे समजायला मला वेळ लागला. तुम्हाला थोडक्यात सांगतो. ब्लॉकचेन म्हणजे हजारो कम्प्युटरांवर एकाच वेळी ठेवलेली एक सामायिक वही. तिच्यात एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. तिच्यावरून भलत्याच पत्त्यावर पैसे गेले की गेलेच, तक्रार ऐकायला तिथे बँकेचा मॅनेजर बसलेला नसतो. असे व्यवहार करणारे प्रोग्रॅम जे लिहितात, त्यांना लागणारी बारीकसारीक हत्यारं भाईंनी एका जागी करून ठेवली होती. एक पत्ता तपासणारं, एक सही खरी की खोटी ते बघणारं, एक रकमेचे बारीक तुकडे करताना दशांशातलं काही सांडू न देणारं. प्रोग्रॅमर लोक अशा संचाला लायब्ररी म्हणतात. नळाच्या वॉशरसारखी चीज आहे. कोणाला दिसत नाही, पण खराब निघाली तर घरभर पाणी.

ही लायब्ररी ओपन सोर्स होती, म्हणजे जगात कोणीही ती उघडून वाचावी, फुकट वापरावी, दुरुस्ती सुचवावी. पण सुचवलेली दुरुस्ती आत घ्यायची का आणि नवी आवृत्ती बाहेर सोडायची का, हे चावी असलेला माणूस ठरवणार. चावी म्हणजे कम्प्युटरातली एक गुप्त सही. ती चुकीच्या हाती पडली तर एका ओळीत हजारो लोकांचे पैसे कोणाच्या तरी खिशात. बरीच वर्षं ती एकट्या भाईंकडे होती. पोटासाठी ते दुसऱ्या एका कंपनीचं काम करायचे. आधी पुण्यात नोकरीला होते, तिथून का आलात असं मी विचारलं तर म्हणाले, "तथी सगळे गोड बोलत. कोनावर संशय घ्यावा, तेच समजे ना."

इकडे लोकांचा संशय भाईंवर. मागे शहरात कोणीतरी कॉइनच्या, म्हणजे कम्प्युटरातल्या पैशाच्या, नावानं लोकांना टोप्या घालून पळाला होता, त्यामुळे ब्लॉकचेन हा शब्द कानावर पडला की माणसं एकतर खिसा धरत किंवा जिभल्या चाटत. एकदा वलगावचे दोघे जण भाईंकडे आले आणि हळूच म्हणाले, आम्हालाही स्कीममध्ये घ्या. भाईंनी त्यांना बसवून समजावून सांगितलं की आपल्याकडे स्कीम नाही, आपण आयुष्यात एक कॉइन घेतलेला नाही. ते जितकं समजावत तितकी त्या दोघांची खात्री पटत गेली की माल भारी आहे म्हणून भाई दडवतात. जाताना एक जण माझ्या दुकानात डोकावून म्हणाला, तुमी लावले असतीन ना?

दुरुस्ती पाठवणाऱ्या प्रत्येकाची भाई चौकशी करत. चौकशी म्हणजे आपल्याकडे सोयरीक जुळवताना करतात तीच. मुलाकडचे कोण, गाव कसं, शेजारी काय म्हणतात. पाठवलेलं काम ते शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचे, आणि काम पसंत पडलं की त्या माणसाला विचारायचे, तुझं गाव कोणतं, घरी कोण कोण, तुला ओळखणारं कोण. परदेशातले बहुतेक चिडून निघून जात. एका थंड देशातल्या माणसानं मात्र भलंमोठं उत्तर लिहिलं. त्यात त्याच्या आजोबांच्या गाई होत्या, आणि आजोबा पिऊन त्याच गाईंच्या गोठ्यात झोपायचे हेही होतं. भाई खूष झाले. "यानं आज्याचं वाईट सांगतलं," ते म्हणाले. "मानूस खरा हाये." त्याची दुरुस्ती आत आली.

मी हळूहळू त्यांच्याबरोबर काम करू लागलो. एक दिवस त्यांनी मलाही चावी करून दिली आणि नियम घातला की यापुढे दोघांच्या मंजुरीशिवाय काही बाहेर जाणार नाही. मला बरं वाटलं, आणि लगेच शंकाही आली. मीच का, असं विचारलं. म्हणाले, "तुमी माह्यावर पाळत ठेवली होती. असा मानूस पाह्यजे मले."

मग साखरेनं भाईंचे डोळे धरले. डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरायचं. ते अक्षरं मोठी मोठी करत गेले, शेवटी स्क्रीनवर एका वेळी दोन-तीन ओळी मावायच्या आणि ते नाक टेकवून वाचायचे. अकोल्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पुढे काय दिसेल याची खात्री नाही. म्हणजे तिसरा माणूस हवाच होता. भाईंचे डोळे गेले तर दुसरी मंजुरी देणार कोण? आणि घाईनं भलत्याला चावी दिली तर इतक्या वर्षांची राखण मातीत.

त्या वेळी एक जण बरेच महिने काम पाठवत होता. फोटोच्या जागी कडुलिंबाचं झाड, गाव तेल्हारा, बाकी काही नाही. काम सुरेख. दशांशाची एक चूक त्यानं अशी शोधली होती की भाईंनाही ती दिसली नव्हती. मी म्हटलं, हाच आपला तिसरा. भाई म्हणाले, "इतकं नरम काहून बोलते हा? प्लीज काय, थँक्यू काय. तेल्हाऱ्याचा मानूस असा बोलते?" खरं सांगतो, ते म्हणेपर्यंत मला काही वाटलं नव्हतं, पण म्हटल्यावर मलाही ते प्लीज टोचायला लागलं.

चौकशी सुरू झाली. गाव कसं आहे, रस्ता कसा, पाणी कसं, लोक कसे. उत्तरं आली. गाव छान आहे, रस्ता चांगला आहे, पाणी मुबलक आहे, लोक अतिशय प्रेमळ आहेत. भाईंनी ती मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली. दर वेळी त्यांचा चेहरा जास्त उतरत गेला.

"हा तेल्हाऱ्याचा नाई," ते म्हणाले. "गावचा मानूस पयले गावाले शिव्या देते. हा कोनी दूर बसून नकाशा पाहून लिवते."

आणि त्यांनी सगळ्यांना दिसेल असं लिहून टाकलं की हे खातं जे सांगतं ते नाही, त्याच्याकडून कोणी काही घेऊ नये. कडुलिंबाच्या झाडाकडून उत्तर आलं नाही. गप्प बसला म्हणजे पकडला गेला, असं आम्ही दोघांनी धरलं आणि त्या दिवशी दह्यातला गिला वडा खाल्ला.

पुढच्या महिन्यात एक गृहस्थ माझ्या दुकानाशी आले. पांढरा सदरा, पायात धूळ, हातात काही नाही. कम्प्युटरवाले भाई कुठे राहतात म्हणाले. कुठून आलात, तर तेल्हारा. मी त्यांना वर घेऊन गेलो. भाईंनी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. ज्या घराशी वाकडं आहे त्या घरचं पाणी आपल्याकडे पीत नाहीत, हे भाईंनाही कळलं आणि मलाही. गृहस्थ खुर्चीच्या काठावर बसले.

"माही पोट्टी चोर हाये, असं तुमी लिवलं," ते म्हणाले. "नोकरीवाल्यायनं तिचं काम पाहून बोलावलं होतं. आता म्हनतेत, थांब. मी तुमाले पाह्याले आलो, तुमी कोन हा."

पोरगी! आम्ही इतके महिने 'हा' म्हणत होतो. मला दिसत होतं की भाईंचा संशय अजून गेलेला नाही. हा माणूसही कोणी पाठवलेला असू शकतो. त्यांनी अगदी सहज विचारलं, येताना त्रास झाला का?

आणि ते गृहस्थ सुरू झाले. रस्त्याचं नाव काढू नका, कंबर मोडली. गाडी वेळेवर सुटेल तर शपथ. पाणी मनात आलं तर येतं. शेतातली मोटार चोरीला गेली, चोर कोण ते सगळ्या गावाला माहीत आहे, सांगत कोणी नाही. शेजारी भाऊबंद आहेत, शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून, रोज भांडण. दहा पिढ्या तिथे काढल्या, पण गाव काही धड नाही. भाई मान खाली घालून ऐकत होते.

"मंग हे तुमच्या पोरीनं काहून नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी चौकशी केली ना जी. चौकशीले कोनी आपल्या गावचं वाईट सांगते काय? घरात तिच्या लग्नाचं दोन ठिकानी बोलनं चालू हाये. तिनं मले इचारलं, बाबा, कोनी गावाचं इचारून रायलं, काय लिवू? मीच म्हनलं, सगळं चांगलं लिव."

भाई म्हणाले, "मी सोयरिकीसारखं इचारलं. तिनं सोयरिकीसारखं सांगतलं. अन् मीच तिले नापसंत केलं." त्यांच्या डोळ्यांना तसंही पाणी यायचं, पण त्या दिवशीचं पाणी दुखण्याचं नव्हतं.

त्यांनी मला तिथल्या तिथे लिहायला बसवलं. आरोप जिथे केला होता तिथेच, तितक्याच ठळक अक्षरांत, की ही मुलगी तेल्हाऱ्याची आहे, चूक माझी आहे, तिच्या कामात मला एकही खोट सापडलेली नाही. "जथी थुकलो तथीच पुसा लागते," ते म्हणाले. तिला त्यातलं प्रत्येक वाक्य फोनवर वाचून दाखवलं का, असं वडिलांना विचारून घेतलं. गृहस्थ गेले. पाणी त्यांनी त्या दिवशी घेतलं नाहीच.

भाईंना चैन पडेना. तोंडानं माफी मागायची म्हणून आम्ही माझ्या गाडीनं तेल्हाऱ्याला गेलो. रस्त्याबद्दल तिच्या वडिलांनी सांगितलं त्यात अतिशयोक्ती नव्हती. पोरगी दारात उभी होती. काटकुळी, चष्मा, ओढणी कमरेला खोचलेली. वडील "या, या" म्हणत होते, पण ती उंबऱ्यातून हलली नाही.

"तुमी तेच कशावरून?" तिनं भाईंना विचारलं.

वडील कावरेबावरे झाले. अगं, पाहुणे आहेत, मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन आलो, असं म्हणू लागले. ती म्हणाली, "बाबा, तुमी मानूस पाह्यला. मले त्यायचं काम मालूम हाये, तोंड नाई. तुमाले कोनीबी दाखवलं असन." मग तिनं एक वाक्य दिलं आणि सांगितलं, याच्यावर तुमच्या चावीनं सही करून दाखवा. चावी भाईंच्या लॅपटॉपमध्ये होती, आणि ती परवलीचा शब्द टाकल्याशिवाय उघडत नव्हती. सही खरी आहे की नाही, हे तिला तिच्या कम्प्युटरवर तपासता येणार होतं.

तिनं दिलेलं वाक्य होतं, तेल्हाऱ्याचा रस्ता खराब आहे.

भाई ओसरीच्या पायरीवर बसले. लॅपटॉप मांडीवर घेतला, माझ्याकडून वळवला, तिच्याकडून वळवला, भिंतीकडे तोंड केलं. नाक स्क्रीनला टेकवून एकेक अक्षर टाकू लागले. चुकले, पुन्हा टाकलं. मी मदतीला वाकलो तर माझ्यावर खेकसले. गल्लीतली दोन-तीन माणसं जमली, त्यांनाही लांब व्हायला सांगितलं. अखेर सही झाली. ती आत गेली, बराच वेळ आतच होती, मग पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"बसा," ती म्हणाली.

परत येताना भाई इतके खुशीत होते की अकोल्यापर्यंत गुणगुणत आले. मी म्हटलं, एवढं काय झालं? तर म्हणाले, "तिले माह्यावर भरोसा नाई! बापानं सांगतलं तरी नाई!" दुसऱ्याच दिवशी तिसरी चावी तिला गेली. ती नोकरी काही परत आली नाही, पण पुढे दुसरी लागली, घरी बसून करण्याची. माझं काम तपासताना ती मला असं काही उभं-आडवं घ्यायची की कधी कधी वाटायचं, भाई परवडले.

भाईंची नजर जवळजवळ गेली. खोली सोडून ते अकोल्याला बहिणीकडे राहायला गेले. आम्ही फोनवर त्यांना काम वाचून दाखवायचो, शेवटच्या ओळीपासून, आणि ते मधेच "थांबा, मांगं घ्या" म्हणायचे. बहुतेक वेळा तिथे काही नसायचं. एखाद्या वेळी असायचं.

अशाच एका फोनवर ते म्हणाले, "मी गेलो की पयले माही चावी काढजा. मेलेल्याच्या नावानंच चोर आत येते. रडनं मंग करा." ती त्या फोनवर होती. काका, असं नका बोलू, एवढंच म्हणाली.

गेल्या उन्हाळ्यात भाई गेले. बहिणीचा फोन सकाळी आला, मी अकोल्याला पोचलो, दफन उरकून संध्याकाळी घरी आलो. जेवण गेलं नाही. त्यांनी सांगून ठेवलेलं करायला बसलो. यादीतून त्यांचं नाव काढण्याची दुरुस्ती लिहिली, माझी मंजुरी दिली आणि दुसऱ्या मंजुरीसाठी तिच्याकडे पाठवली. सोबत कारण लिहिलं.

तिची मंजुरी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग तिचा फोन आला. आवाज एकदम कोरडा होता.

"काका गेले, हे तुमाले कोनी सांगतलं?"

"बहिणीनं."

"फोनवर? तिचाच आवाज होता?"

"हो."

"तुमी सोता पाह्यलं काय?"

मी म्हटलं, पाहिलं. मी स्वतः मूठभर माती दिली. हे बोलताना मला पहिल्यांदा हुंदका आला, आणि तो तिनं ऐकला. तिनं फोन ठेवला.

मंजुरी आली. भाईंचं नाव यादीतून गेलं. खाली तिनं माझ्यासाठी एक ओळ लिहिली होती. मले वाटलं तुमचं खातं कोनी चोरलं अन् खोटं सांगून रायलं. तसं असतं त किती बरं झालं असतं.